नमुन्याचं घर

कंपनीला एक साधारण कुटुंब हवं होतं, आणि साधारण कुटुंब हजर करण्यात नमुनेवाल्या बाईंचा हात धरणारं शहरात कोणी नव्हतं.

त्यांचा धंदा असा. जगभर साबण, शाम्पू आणि बिस्किटं विकणाऱ्या कंपन्यांना अधूनमधून उमाळा येतो की आपलं गिऱ्हाईक जगतं तरी कसं, हे त्याच्या घरी जाऊन बघावं. कंपनी एका पाहणी संस्थेला काम देते, संस्था नमुनेवाल्या बाईंना फोन करते, बाई घर मिळवून देतात. नियम कडक असतात. घराने पूर्वी अशा पाहणीत भाग घेतलेला नसावा. घरात जाहिरात किंवा विक्रीच्या धंद्यातलं कोणी नसावं. पाहुणे येणार म्हणून काहीही हलवलेलं नसावं. बाईंच्या हाताशी अशी तीस-चाळीस घरं होती आणि त्यातलं प्रत्येक घर वर्षातून पाच-सहा वेळा पहिल्यांदाच भाग घेत असे. संस्थेला हे ठाऊक होतं. संस्थेला ठाऊक आहे हे बाईंना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कंपनीला, आणि पैसे तीच देत असल्यामुळे तिला ते कळण्याची कोणाला गरज वाटत नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बाईंचा विशेष लाडका होता. नवरा विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासायचा. बायको दातांच्या दवाखान्यात दारातल्या टेबलाशी बसून रुग्णांना वेळा द्यायची. मुलगी चौदा वर्षांची होती आणि काहीही विचारलं की खांदे उडवायची. कंपन्यांना ते फार आवडायचं, कारण जगातल्या सगळ्या चौदा वर्षांच्या मुली खांदे उडवतात असा त्यांचा अहवाल आधीच तयार असे. घरातलं चौथं माणूस म्हणजे नवऱ्याची आई, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. कंपन्यांना बहुधा छोटं कुटुंब लागायचं, म्हणून पाहणीच्या दिवशी आई दोन तास वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन बसायची.

खरं कसब बायकोचं होतं. ती उत्तरं पाठ करत नसे. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. समोरच्याची पेन्सिल कधी थांबते आणि कधी पळते, एवढंच ती बघायची. स्वस्त पडतं म्हणून घेते, असं म्हटलं की पेन्सिल थांबते. दुकानात तेच समोर होतं, असं म्हटलं की माणूस घड्याळ बघतो. "हे वापरताना मला माझे स्वतःचे दोन क्षण मिळतात," असं म्हटलं की पेन्सिल पळते. त्या दोन क्षणांच्या जोरावर तिने आतापर्यंत चेहऱ्याचं क्रीम, कॉफी, फरशी पुसायचं औषध आणि मांजराचं खाद्य पार पाडलं होतं. घरात मांजर नव्हतं. ते काकूंकडून आणलं होतं.

या खेपेचं काम मोठं होतं. भांडी घासायचं लिक्विड विकणारी एक कंपनी एका घरात वर्षभर दोन कॅमेरे लावणार होती, एक स्वयंपाकघरात आणि एक हॉलमध्ये. निवडलेल्या घराला नवा ओटा, नवी कपाटं, फ्रीज आणि कपडे धुवायचं मशीन मिळणार होतं. वर्ष नीट पार पडलं की ते सगळं त्यांचं. शिवाय त्या घराची हुबेहूब नक्कल परदेशातल्या मुख्य कचेरीत उभी राहणार होती, म्हणजे तिथल्या लोकांना जेवणाच्या सुट्टीत साधारण कुटुंबातून एक चक्कर मारून येता आली असती.

"वहिनी, एकच अडचण आहे," नमुनेवाल्या बाई फोनवर म्हणाल्या. "त्यांना नवरा, बायको आणि मूल, एवढंच पाहिजे. वडीलधारं माणूस नको. संस्थेतून मुद्दाम विचारतील."

"मग आईंना वरती पाठवू की. नेहमीसारखं."

"वर्षभर? काकूंचं काय धर्मादाय वसतिगृह आहे?"

"मग काय सांगू?"

"नाहीत म्हणून सांगा."

"नाहीत म्हणजे?"

"अहो, नाहीत म्हणजे नाहीत. लेकीकडे गेल्यात म्हटलं तर विचारतील, परत कधी येणार. उगाच फाटे कशाला फोडायचे?"

दुसऱ्या दिवशी संस्थेतून फोन आला. सासूबाई आता नाहीत, असं बायकोने सांगितलं. पलीकडची मुलगी "ओह, सॉरी" म्हणाली. बायको "चालायचंच" म्हणाली. त्या वेळी सासूबाई तिच्या मागे उभ्या राहून भांडी घासत होत्या आणि नळ चालू होता.

त्या घरात भांडी सासूबाईच घासायच्या. नवऱ्याला गार पाणी सोसत नसे, बायकोच्या नखांना साबण सोसत नसे, आणि मुलीला काहीच सोसत नसे.

पाहुणे सकाळी आले. परदेशी बाई कंपनीच्या ग्राहकांना समजून घेण्याच्या विभागाच्या प्रमुख होत्या. बरोबर एक दुभाष्या आणि फोटो काढणारे दोघे. परदेशी बाई आल्या आल्या जमिनीवर बसल्या. यजमानापेक्षा उंच जागी बसायचं नाही, असं त्यांना शिकवलेलं होतं. यजमान नेहमी सोफ्यावर बसत, पण पाहुणी खाली बसल्यावर तेही नाइलाजाने खाली बसले, आणि मग सगळे रिकाम्या सोफ्याभोवती मांडी अवघडेपर्यंत बसून राहिले. परदेशी बाईंनी वहीत लिहिलं की इथली कुटुंबं जमिनीवर बसतात, सोफा शोभेला असतो.

"भांडी घासताना तुमच्या मनात काय येतं?" दुभाष्याने विचारलं.

लग्न झाल्यापासून बायकोने खरकट्या भांड्याला हात लावला नव्हता. तिने खिडकीबाहेर बघितलं, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "खरं सांगू? दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो."

पेन्सिल पळाली.

"जेवायला सगळे एकत्र बसता?"

"रोज. टेबलाशी. फोन बाजूला ठेवून."

टेबल त्याच आठवड्यात आलं होतं. त्याच्याबरोबर चार खुर्च्या आल्या होत्या, कारण तीन खुर्च्यांचं टेबल कोणी बनवत नाही.

"जेवताना तुम्ही काय बोलता?" दुभाष्याने मुलीला विचारलं. मुलीने खांदे उडवले. परदेशी बाई भारावून काहीतरी म्हणाल्या.

"त्या म्हणतात, अगदी त्यांच्या मुलीसारखी आहे," दुभाष्याने सांगितलं. "जग किती जवळ आलंय, असं म्हणतात."

आठवड्याभरात घर निवडलं गेलं.

आईला सांगायचं काम नवऱ्यावर आलं. लोकांना नकार कळवणं हेच त्याचं रोजचं काम होतं, त्यामुळे वाईट बातमी मऊ कापडात गुंडाळायचा त्याला सराव होता.

"आई, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"किती थोड्या?"

"वर्ष. वर्षच समज. धाकटी कधीची मागे लागलीय ना, राहायला ये म्हणून. तुलाही तेवढाच बदल."

"विचारतोयस का सांगतोयस?"

"विचारतोच आहे गं."

"मग माझं उत्तर नाही."

तो चादरीची सुरकुती सारखी करत बसला. मग म्हणाला, "आई, त्यांना सांगून झालंय."

"काय सांगून झालंय?"

"की तू नाहीस."

आईने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "कोणाच्या तोंडून गेले मी? तुझ्या का तिच्या?"

"असं काय बोलतेस? नुसतं म्हणण्यापुरतं आहे ते."

"घरसुद्धा म्हणण्यापुरतंच तुझं करून दिलं होतं," आई म्हणाली.

ते खरं होतं. तिने आणि तिच्या नवऱ्याने हप्ते फेडून घेतलेला फ्लॅट तिने तीन वर्षांपूर्वी मुलाच्या नावावर केला होता. पुढे कटकट नको, म्हणून. कटकट नको, हे शब्द मुलाचे होते.

दाराआड उभी असलेली सून आत आली. "आई, मनाला लावून घेऊ नका हं. ते मशीन खरं तर तुमच्यासाठीच आहे. परत आलात की बघा, किती आराम पडतो."

"मेलेल्या माणसाला आणखी किती आराम द्याल?" सासूबाई म्हणाल्या. पण बॅग त्यांनी भरली. ज्या घरात आपण नाही असं ठरून गेलंय तिथे हट्ट धरून बसणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

धाकटी लेक दुसऱ्या गावात राहायची. शाळेत शिकवायची, नवरा फिरतीच्या नोकरीवर, घर लहान. आई पोचल्यावर तिने भावाला फोन केला. "दादा, आई मला जड नाही. पण तू तिला फ्रीजच्या बदल्यात दिलीस, हे लोकांना कसं सांगायचं? निदान किती लिटरचा आहे ते तरी सांग, म्हणजे भाव नीट लागला का ते कळेल."

"तुला यातलं काही कळत नाही," दादा म्हणाला.

"नाहीच कळत. दोन दारांचा आहे का रे?"

त्याने फोन ठेवला. फ्रीज दोन दारांचा होता.

कॅमेरे लागले. पांढरे, मुठीएवढे, खाली बारीक हिरवा दिवा. आता घराला दोन संसार करावे लागत होते. रोज रात्री तिघं टेबलाशी बसून उकडलेल्या भाज्या खायची आणि आजचा दिवस कसा गेला हे एकमेकांना विचारायची. बायको घसा खाकरून हसायची. नवरा मुलीला गणिताबद्दल विचारायचा आणि मुलगी खांदे उडवायची. मग एकेक जण उठून आईच्या खोलीत जायचा. तिथे कॅमेरा नव्हता. टीव्ही तिथे हलवला होता, आईच्या पलंगावर कागदी पुड्यांतलं तळलेलं पसरलेलं असायचं, आणि तिघं आपापल्या फोनमध्ये डोकं घालून, एक शब्दही न बोलता, पोटभर जेवायची. चादरीवर तेलाचे डाग पडत गेले. त्या खोलीला ते 'आतलं' म्हणू लागले. आईची खोली, हा शब्द मागे पडला.

भांडी आता बायकोला घासावी लागत. किती लिक्विड लागतं याची तिला कल्पना नव्हती. झाडांना पाणी घालावं तसं ती ते ओतायची आणि फेस कोपरापर्यंत आला की दमून थांबायची. मुख्य कचेरीत हे चित्रीकरण मोठ्या पडद्यावर दाखवलं गेलं. तिथल्या शहाण्यांनी निष्कर्ष काढला की ग्राहकाला स्वच्छता नकोच आहे, त्याला विपुलता हवी आहे. बाटलीचं तोंड रुंद करण्यात आलं. त्यानंतर कितीतरी देशांत गरजेच्या दुप्पट लिक्विड मोऱ्यांमधून वाहून जाऊ लागलं. विक्री वाढली, शहाण्यांना बढत्या मिळाल्या. त्या बायकोला भांडी घासता येत नाहीत, ही शंका एकालाही आली नाही, कारण त्यांच्यापैकीही कोणाला ती घासता येत नव्हती.

मग परदेशी बाई पुन्हा आल्या. या वेळी त्या आधी खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

त्यांनी चित्रीकरणात एक गोष्ट टिपली होती. चौथ्या खुर्चीवर कधी कोणी बसत नाही. मुलगी शाळेतून आली की तिच्यावर दप्तर टाकते, पण जेवायच्या वेळी ते न सांगता खाली उतरवते. दप्तराच्या वासाने बाप खेकसायचा, म्हणून ती ते उतरवायची. पण तो खेकसायचा 'आतल्या' खोलीत.

"ही खुर्ची कोणाची?" दुभाष्याने आवाज खाली आणून विचारलं.

खरं उत्तर, टेबलाबरोबर आली, एवढंच होतं. बायकोने पेन्सिलीकडे बघितलं. पेन्सिल पळत नव्हती आणि थांबलीही नव्हती. कागदापासून बोटभर वर ती वाट बघत होती. इतक्या वर्षांत अशी वाट बघणारी पेन्सिल तिने पाहिली नव्हती. काय हवंय ते तिला कळलं, आणि जे हवंय ते देण्यापासून स्वतःला आवरणं हे तिच्या अंगातच नव्हतं.

"सासूबाईंची," ती म्हणाली. "त्या गेल्यापासून तिथे बसायला कोणाचं मन होत नाही."

आणि रडली. नवऱ्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. कॅमेऱ्यात ते दुःखासारखं दिसलं. परदेशी बाईही रडल्या. त्यांचं रडणं खरं होतं. त्या दिवशी त्या घरात तेवढंच काय ते खरं होतं, आणि ते पगारी होतं.

"त्यांचा एखादा फोटो?" डोळे पुसून झाल्यावर दुभाष्याने विचारलं.

एक्स्चेंजमधल्या निरोपसमारंभाचा फोटो होता. कोणीतरी काहीतरी म्हटलंय आणि आई मान मागे टाकून हसतेय. मुलाने वारस म्हणून परवानगीची सही केली.

लिक्विडची नवी बाटली दोन महिन्यांत बाजारात आली. पुढच्या बाजूला तो हसरा चेहरा आणि खाली एक रिकामी खुर्ची. मागे लिहिलं होतं: ती आता नाही. पण तिचं टेबल अजून भरलेलं आहे.

धाकटी आणि आई किराणा घ्यायला गेल्या होत्या. दुकानातल्या मुलीनेच आधी पाहिलं. "आजी, ही बघा! डिट्टो तुम्ही! दोन घेतल्या की एक फुकट आहे."

धाकटीने मागची ओळ मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबली. आईने बाटली हातात घेतली, चष्मा वर करून उरलेली ओळ स्वतः वाचली आणि बाटली जागेवर ठेवली.

"वकिलाकडे जाऊ," धाकटी रस्त्यात म्हणाली. "उद्याच. दादाला कोर्टात उभा करते."

"आधी मी घरी जाऊन येते."

"कुठल्या घरी, आई? तिथे तू मेलीयेस. छापून आलंय."

"म्हणूनच जाते," आई म्हणाली. "त्याने माझ्यासमोर उभं राहून सांगू दे."

तिने बेल वाजवली तेव्हा दार सुनेने उघडलं. सुनेची पहिली नजर सासूकडे गेली आणि दुसरी हिरव्या दिव्याकडे. "या ना," ती म्हणाली. कोण या, ते तिने गाळलं.

आई सरळ आपल्या खोलीत गेली. टीव्ही, पुड्या, चादर, सगळं बघितलं. पुड्या गोळा करून डब्यात टाकल्या, चादर काढून मशीनमध्ये टाकली, मशीन चालू होईना म्हणून नातीला विचारलं. नातीने न बोलता बटण दाबलं. मग आई हॉलमध्ये, कॅमेऱ्याच्या अगदी समोर, सोफ्यावर बसली.

मुलगा संध्याकाळी आला. बूट काढता काढता त्याने तिला पाहिलं आणि बुटाची नाडी हातात धरून तसाच उभा राहिला. "आत ये ना, आतल्या खोलीत बोलू," तो ओठ न हलवता म्हणाला.

"इथेच बोल. मी काही चोरून आलेली नाही."

तो बोलला नाही. तो दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. नमुनेवाल्या बाईंचे फोन सुरू झाले. "वहिनी, मशीन, फ्रीज, सगळं उचलून नेतील हो. आणि माझीही घरं जातील. काहीतरी करा." बायकोने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने डोकं धरलं. आई सोफ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होती.

तिसऱ्या दिवशी दुभाष्या आला. नव्या बाटलीच्या यशानंतर तो इथल्या पाहणीचा प्रमुख झाला होता आणि त्याचा कोट नवा होता. "आमच्या यंत्रणेला एक चौथी व्यक्ती दिसली," तो दारातच म्हणाला, आणि मग त्याने सोफ्याकडे पाहिलं. तो चेहरा त्याच्या कचेरीच्या भिंतीवर दाराएवढा मोठा करून लावलेला होता.

"या... या कोण?"

सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. तिने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. एका शब्दाचं काम होतं, आणि लहान मुलं तो शब्द सगळ्यात आधी शिकतात.

"मावशी," मुलगा म्हणाला. "आईची सख्खी बहीण."

दुभाष्या मूर्ख नव्हता. त्याने दोन सेकंदांत सगळं ओळखलं. पण त्याचा कोट नवा होता. "केवढं साम्य!" तो म्हणाला आणि खिशातून रेकॉर्डर काढला. "मावशी, तुमच्या बहिणीबद्दल दोन शब्द सांगाल?"

आई मुलाकडे बघत होती. तो फरशीकडे बघत होता.

"सांगते की," ती म्हणाली. "बहीण माझी भोळसट होती. जन्मभर नोकरी केली, घर घेतलं, आणि मुलाने गोड बोलून मागितलं तेव्हा देऊन टाकलं. मी बजावलं होतं तिला. ऐकलं नाही."

"आणि त्या कशाने गेल्या?"

"फ्रीजने."

"म्हणजे?"

"घरात नवा फ्रीज यायचा होता. दोघांना जागा नव्हती."

दुभाष्या रेकॉर्डरकडे बघून हसला. "मावशी विनोदी आहेत."

"आमच्या घराण्यातच आहे तो. भाचा तर फारच विनोदी आहे."

"मुलगा खूप रडला असेल?"

"कॅमेऱ्यासमोर मान खाली घातली म्हणे. सून जास्त रडली. तिला बेताने काही ओतताच येत नाही."

"मावशी, पुरे आता," मुलगा म्हणाला.

दुभाष्या गॅलरीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. परत आला तेव्हा खुशीत होता. परदेशी बाईंना मावशी फार आवडल्या होत्या. वडीलधाऱ्यांचं पुनरागमन, हा पुढच्या मोसमाचा विषय त्यांनी आधीच ठरवला होता आणि तो सिद्ध करायला त्यांना असंच काहीतरी हवं होतं. "मावशी, राहाल ना इथे? वर्ष संपेपर्यंत?"

"राहतील की!" बायको म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "आम्ही कधीचे मागे लागलोय, मावशी या, मावशी या. ऐकतच नव्हत्या."

आईने सुनेकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "खोली कुठली?"

"तुमचीच," सून म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे आईंची."

"टीव्ही बाहेर काढा तिथला. आणि तिथे खायचं नाही."

धाकटीला हे कळलं तेव्हा ती फोनवर किंचाळलीच. "आई, तुला वेड लागलंय का? त्याने तुझ्या तोंडावर तुझी ओळख नाकारली आणि तू तिथेच राहतेस? मावशी म्हणून?"

"घर माझं आहे, मी राहते."

"आई म्हणून राहा मग!"

"आई म्हणून वरच्या मजल्यावर जाऊन बसावं लागायचं," ती म्हणाली. "आणि भांडी असायची."

मावशीला भांडी नव्हती. मावशी पाहुणी होती, आणि पाहुण्या बाईला मोरीपाशी उभं केलेलं कॅमेऱ्यात कसं दिसलं असतं? तिला चहा हातात मिळायचा. टेबलाशी बसलं की भाचा खुर्ची ओढून द्यायचा. उकडलेल्या भाज्या तिने दुसऱ्याच दिवशी नाकारल्या, आणि पाहुणीचं मन मोडायचं नाही म्हणून टेबलावर खरं जेवण येऊ लागलं. तब्येतीची चौकशी रोज व्हायची, तीही मोठ्या आवाजात. मुलगा म्हणून त्याने आठवड्यातून एकदाही केली नसती एवढी विचारपूस भाचा म्हणून तो दिवसातून दोनदा करत होता.

सुरुवातीला कॅमेरा नसलेल्या तिच्या खोलीत आला की तो कशानेच हाक मारायचा नाही. नुसता "जेवायला चल" म्हणायचा. मग तिथेही तो मावशी म्हणू लागला. "बाहेर जीभ घसरायला नको," असं त्याने एकदा सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

वर्ष संपल्यावर कॅमेरे काढायला एक तंत्रज्ञ आला. शिडीवर चढून त्याने हॉलमधला कॅमेरा सोडवला, मागची तार बघितली आणि म्हणाला, "हा तर कधीचाच बंद आहे."

"बंद?" बायकोने विचारलं. "कधीपासून?"

"सहा-सात महिने झाले असतील. नवी बाटली चालली ना, तेव्हाच यांनी इकडचं काम गुंडाळलं. ते पाहणीचे साहेबही परदेशात गेले. आता दात घासण्यावर चाललंय त्यांचं, दुसऱ्या कुठल्या देशात."

"पण हिरवा दिवा लागायचा की रोज!"

"दिवा विजेवर लागतो हो. पलीकडे कोणी बघतंय का नाही, हे त्याला काय कळणार?"

बायको सोफ्याच्या काठावर बसली. "म्हणजे मी रोज एवढं..." ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. या वेळी पेन्सिल नव्हती, रेकॉर्डर नव्हता, आणि ते पाणी कोणाच्या कामाचं नव्हतं.

तंत्रज्ञाने दोन्ही कॅमेरे पिशवीत टाकले, शिडी मिटली आणि तो निघून गेला. भिंतीवर स्क्रूची भोकं राहिली. फ्रीज, मशीन, ओटा, सगळं आता त्यांचं झालं होतं. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बघणारं कोणी नव्हतं. ऐकणारं कोणी नव्हतं. हे त्याने आत्ताच स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"मावशी," तो म्हणाला, "चहा टाकू का?"

बायकोने डोळे पुसले. तिला काही खटकलं नाही. मुलगी फोनवरून बोट फिरवत राहिली. आईने वर बघितलं आणि थोडं थांबून बघितलं, त्याचं त्याला कळतंय का ते. तो पातेल्याला हात घालून उत्तराची वाट बघत होता.

"टाक," ती म्हणाली. "अर्धा कप. आणि साखर किती ते विचारून घाल. पाहुण्यांना विचारतात."

"किती?" त्याने विचारलं.